रोज चाकणला जाणारी गाडी

जुनी गाडी गार असताना बघायची, हे अण्णांनी फोनवर तीनदा बजावलं होतं. म्हणून सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आम्ही वाकडला जुन्या गाड्यांच्या डीलरकडे पोहोचलो. अण्णा आदल्या रात्रीच वाईहून आले होते. त्यांनी रंग बघितला नाही, मीटर बघितलं नाही. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बॉनेट कोमट होतं. आम्ही यायच्या आधी कोणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं.

रात्रभर उभं राहिलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं, तेव्हा तेल वर चढेपर्यंतचे दोन-तीन सेकंद ते काही लपवू शकत नाही. चेन खडखडत असेल, धूर येत असेल, आयडलिंग हलत असेल, सगळं तेव्हाच कळतं. इंजिन तापवून दाखवणाऱ्याला हे ठाऊक असतं. अण्णांनी वाई डेपोत ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं पसरणीच्या घाटात. गाडीच्या बाबतीत मी त्यांचंच ऐकते.

माझी स्थिती अशी होती. घर पिंपळे सौदागरला, नोकरी चाकणला. जाताना साधारण २५ किलोमीटर, येताना तेवढेच. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण. या रस्त्याने जो सकाळी जातो त्याला पुढचं सांगायला नको. अकरा वर्षं डिझेल स्विफ्ट चालवली. आता चाळिशीला आले, पैसे साठले होते, आणि एकदा तरी अशी गाडी घ्यायची होती की जी चालवण्यासाठी म्हणून रविवारी पहाटे उठावंसं वाटेल. नवरा घरून काम करतो, त्याला गाडीची हौस नाही आणि गरजही नाही. म्हणजे घरात गाडी एकच, आणि ती माझी. बजेट वीस लाख, त्याच्या वर एक रुपया नाही.

वीस लाखांत आपल्याकडे नवी दोन दारांची स्पोर्ट्स कार मिळत नाही. तयार आयात केलेल्या गाडीवर इतकं शुल्क बसतं की तिकडची साधी गाडीसुद्धा इथे चैनीची होते. त्यामुळे माझ्यासारख्यांच्या हातात दोनच वाटा उरतात. एक, सात-आठ वर्षं जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस : २०१७ साली इथे आलेली, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, ताकद २३० पीएस, ओढ म्हणजे टॉर्क ३५० एनएम. दोन, चाकणलाच बनणारी नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी : दीड लिटर, १५० पीएस, २५० एनएम. जाणकार म्हणतील की दोन्ही सेडान, स्पोर्ट्स कार कुठली? पण गाडीचा प्रकार दारांवरून ठरत नाही, उजव्या पायाखाली काय होतं त्यावरून ठरतो, असं माझं मत आहे. त्या अर्थाने आरएस शंभर टक्के स्पोर्ट्स कार आहे. व्हर्टसबद्दल तेव्हा माझं मत बनलं नव्हतं.

वाकडची ती आरएस दिसायला देखणी होती. मीटरवर ४८,०००, किंमत साडेअठरा. केए पासिंग, म्हणजे बंगळूरकडची एनओसी, इथे नव्याने टॅक्स, तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. तेवढं मी सोसलं असतं. पण माझ्याबरोबर कंपनीतला एक सहकारी होता, त्याच्याकडे या गाड्यांचा स्कॅनर आहे. स्टिअरिंगखालच्या पोर्टला जोडल्यावर एक जुना फॉल्ट मेमरीत पडलेला सापडला. असा फॉल्ट साठवताना गाडी त्या वेळचे किलोमीटरही लिहून ठेवते. नोंद होती ७१,०००ची. म्हणजे मीटर मागे नेलेलं होतं, आणि ज्याने नेलं त्याला ही नोंद पुसायचं सुचलं नव्हतं. डीलरच्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "मॅडम, ती मशीनची चूक असते." आम्ही उठलो. अण्णा गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "बॉनेटनंच सांगितलं हुतं."

दुसरी आरएस औंधच्या एका डॉक्टरांची. २०१८ची, एमएच १२, पहिलाच मालक, ६३,००० किलोमीटर. फोनवरच ते म्हणाले, "पुढचा डावा दरवाजा रंगवलेला आहे, गेटला घासला होता. बाकी सगळं मूळ." सकाळी सातला गेलो तेव्हा बॉनेट दगडासारखं थंड. रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं : सगळीकडे १०० ते १३० मायक्रॉन, त्या दरवाजावर २४०. सगळ्या काचांवर २०१८च्याच खुणा. टायरवर शेवटचे चार आकडे २३२४, म्हणजे २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातले. आणि एक जाडजूड फाईल, तिच्यात पहिल्या दिवसापासूनची बिलं. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६०,०००ला बदलल्याचं बिलही होतं. या गाडीतला सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स, तेलात बुडालेल्या क्लचचा असतो. तो दणकट असतो, पण ते तेल वेळेवर बदललं तरच. हे बिल नसेल तर त्या गाडीच्या किमतीतून मोठी रक्कम वजा धरावी, असं मी कोणालाही सांगेन.

इंजिन एका दमात लागलं. अण्णा कान देऊन उभे होते. मिनिटभराने त्यांनी नुसता अंगठा वर केला.

मग डॉक्टरांनी किल्ली माझ्या हातात दिली. महामार्गाला लागल्यावर समोरचा पट्टा मोकळा मिळाला आणि मी पाय दाबला. ते नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. स्विफ्टचा टर्बो मला माहीत होता, पण इथे थांबून मग धक्का असं काही नव्हतं. दीड हजार आरपीएमपासूनच कोणीतरी पाठीला तळहात लावून उचलतं आहे, आणि ते उचलणं संपतच नाही. स्टिअरिंगला बोटभर वळवलं तर गाडीचं नाक तेवढंच, बोटभरच वळतं. मला वाटतं मी मोठ्याने हसले. डॉक्टर शेजारी बसून म्हणाले, "मला अजूनही तसंच होतं." ते गाडी विकत होते कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि खाली वाकून बसणं जमत नव्हतं. किंमत वीस लाख सांगितली.

त्या संध्याकाळी मी टोकन द्यायला निघालेच होते. अण्णांनी अडवलं. म्हणाले, "तू रोज हायवेवर जातीस का? जिथं जातीस तिथं चालवून बघ." डॉक्टरांना विचारायला संकोच वाटला, पण त्यांनी लगेच होकार दिला. पुढच्या शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघं माझ्या घरून चाकणला निघालो.

एक तास वीस मिनिटं लागली. भोसरीच्या पुढे गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. मोठी चाकं, बुटके टायर. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबर थोडंच. मोशीजवळचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. गतिरोधकांवर मी तिरकी घालत होते, तरी एकदा खालून खर्र आवाज आला आणि डॉक्टरांचा चेहरा माझ्याहून जास्त पडला. कंटेनरच्या मागे दहा-दहा मीटर सरकताना ते इंजिन कुठेतरी खाली दबून बसलं होतं. मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, "खोंड शर्यतीचाय. तू ह्येला रोज औताला जुंपणार."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

याच सुमारास जीएसटीचा घोळ सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२५ला पंतप्रधानांनी दर कमी होणार असं जाहीर केलं आणि सगळा बाजार थांबला. माझी नवी गाडी ज्या गटात बसत होती त्यावर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के होते, ते ४० होणार होते, २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांनाही उतरावं लागतं. डॉक्टरांनी मी न मागता साठ हजार कमी केले.

व्हर्टस बघायला शोरूममध्ये गेलो तेव्हा तिथला मुलगा सगळी माहिती अण्णांना देत होता. अण्णा दोनदा म्हणाले, गाडी हिची आहे. तरी तो "काका, बूट स्पेस बघा" म्हणत राहिला. मी दुसऱ्या शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "रोज कुठून कुठे जाता?" मी म्हटलं, तिथेच चालवून बघायची आहे, सकाळी सातला. तिने वरिष्ठांशी भांडून परवानगी आणली.

डीएसजी आणि मॅन्युअल दोन्ही मागितल्या. व्हर्टसचा डीएसजी सात गिअरचा, पण कोरड्या क्लचचा. सरकत्या गर्दीत असा क्लच सतत अर्धवट लागतो आणि तापतो; रोज तासभर तेच करायचं असेल तर मला ते नको होतं. शिवाय मला गिअर हाताने टाकायला आवडतात. सहा गिअरची मॅन्युअल घेऊन मोशीला गेले. क्लच हलका, बसायची जागा उंच, गाडीचं पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर वर. ज्या गतिरोधकावर आरएस घासली होती त्यावरून ही सरळ गेली. पाय हलका ठेवला की इंजिन चारांपैकी दोन सिलिंडर बंद करतं, मीटरवर तसं दिसतं. परतताना मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यात ओढून बघितली. आरएसच्या जवळपासही नाही. दरवाजाचं प्लॅस्टिक बोटांना पातळ लागतं, मागे ड्रम ब्रेक आहेत, आरएसला चारही डिस्क. पण गाडी उत्सुक आहे, आणि तिची शक्ती मला माझ्या रस्त्यावर खरोखर वापरता येत होती.

दोन रात्री मी वहीत आकडे मांडले. खरेदीची किंमत जवळजवळ सारखीच होती, म्हणून ती सोडून दिली. जुन्या गाडीला बँक साडेबारा टक्क्यांनी कर्ज देत होती, नव्याला नऊच्या आत. सात वर्षांच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा द्यायला दोन कंपन्या नाही म्हणाल्या. डॉक्टरांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहणार. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. १ एप्रिल २०२३नंतरच्या गाड्या ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालतील अशा साहित्याच्या बनतात, २०१८च्या गाडीला ती हमी नाही. आरएससाठी मी दर वर्षी लाखभर रुपये बाजूला धरले : टायर, डिस्क, सस्पेन्शन. तेही परवडलं असतं, खरंच. नडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ती गाडी एका पार्टसाठी तीन आठवडे गॅरेजला उभी राहिली, तर सकाळी आठला मी चाकणला कशी पोहोचणार? घरात दुसरी गाडी असती, आठ वर्षांची एखादी वॅगनआर का असेना, तर मी दुसरा विचार न करता डॉक्टरांची आरएस घेतली असती. आजही ज्याच्याकडे दोन पार्किंग आहेत त्याला मी तीच घ्यायला सांगते.

डॉक्टरांना फोन करणं मला जड गेलं. ते म्हणाले, "तुम्ही त्या रस्त्यावर नेलीत तेव्हाच मला कळलं होतं. खरं सांगू, मलाही ती तिथे जाऊ नये असंच वाटत होतं." दिवाळीनंतर त्यांनीच कळवलं, गाडी कोल्हापूरला गेली, घेणाऱ्याकडे रोजची गाडी वेगळी आहे.

मला व्हर्टस दसऱ्याला मिळाली, २ ऑक्टोबरला. ऑन-रोड वीसच्या आत बसली. गर्दीत लिटरला अकरा-साडेअकरा देते, साताऱ्याला जाताना सतराच्या पुढे. डावा पाय संध्याकाळी दुखतो, हे खरं आहे. पण रोज सकाळी साडेसहाला ती लागते आणि मी आठच्या पाळीला पोहोचते.

पहिल्या सर्व्हिसनंतर वाईला नेली. पहाटे साडेपाचला अण्णा स्वेटर घालून अंगणात उभे होते. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. पसरणीच्या पायथ्याशी त्यांनी काच खाली केली, रेडिओ बंद केला. प्रत्येक वळणाच्या आधी दुसरा, वळणातून बाहेर पडताना तिसरा, ब्रेकला जवळजवळ पाय नाही. एसटीत एवढ्या लवकर वर येत नव्हतो, म्हणाले. पाचगणीला चहा घेतला. मी किल्लीसाठी हात पुढे केला तर त्यांनी ती खिशात टाकली.

"उतरतानाबी मीच घेतो," म्हणाले, आणि मी डावीकडचं दार उघडलं.