आधी पोटोबा, मग कलादालन

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण बहुधा भुकेची लाज झाकण्यासाठी वापरतो. पण मुंबईच्या फोर्ट भागात एखादा शनिवार निवांत घालवायचा झाल्यास तिच्याइतका व्यवहारी सल्ला दुसरा नाही. उपाहारगृहे, वस्तुसंग्रहालये, चित्रदालने आणि अलीकडे जागोजागी उघडलेली स्पा नावाची आरामाची ठिकाणे यांचा एकाच दिवसात आस्वाद घ्यायचा असेल, तर काय पाहायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहायचे हे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. चित्रे आणि शिल्पे डोळ्यांनी पाहतात हे खरे. पण त्या डोळ्यांना चित्रासमोर उभे ठेवण्याचे काम पाय करतात, आणि पाय किती वेळ तक्रार करणार नाहीत हे पोटावर अवलंबून असते.

हा केवळ माझ्या आळसाचा युक्तिवाद नव्हे. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला होता आणि त्यासोबत एका गृहस्थांची छायाचित्रे छापली होती. हे गृहस्थ वस्तू पाहण्यासाठी आणि तिच्याखालची माहिती वाचण्यासाठी कुठे कमरेत वाकलेले, कुठे मान तिरकी केलेली, तर कुठे जवळजवळ उकिडवे बसलेले दिसतात. गिलमन यांचा रोख काचपेट्यांच्या मांडणीवर होता. दोष पाहणाऱ्याच्या रसिकतेचा नाही, असे त्यांना सांगायचे होते. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आपल्याकडे पितळी मूर्तीच्या पायाशी ठेवलेली चिमुकली चिठ्ठी वाचताना माणसे तशीच वाकलेली दिसतात, आणि दोन दालने होताच ‘बाहेर चहा मिळेल का’ अशी चौकशी सुरू होते.

म्हणून आरंभ जेवणाने करावा, आणि तो बॅलार्ड इस्टेटमध्ये करावा. आठवडाभर जहाज कंपन्यांच्या आणि कचेऱ्यांच्या गडबडीत असलेला हा भाग शनिवारी दुपारी इतका रिकामा होतो, की दगडी इमारतींच्या कमानी मान वर करून पाहता येतात. ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ हे १९२३ सालचे पारशी-इराणी उपाहारगृह इथलेच. इथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे, आणि प्रसिद्धी मिळूनही त्याची चव बिघडलेली नाही, हे विशेष. केशरी-पांढऱ्या भातावर तळून काळपट केलेला कांदा आणि माणकासारखे लाल, करवंदाच्या बीपेक्षा थोडेसे मोठे असे इराणी झरिश्काचे दाणे पसरलेले असतात. दाणा दाताखाली आला की आंबटपणाची एक बारीक कळ उठते आणि त्याखालचा तूपकट भात एकदम हलका वाटू लागतो. मटणाचे तुकडे तळाशी दडवलेले असतात, त्यामुळे वरचा भात खाऊन पोट भरणारा नवखा माणूस फसतो. सोबत लालभडक रास्पबेरी सोडा घ्यावा. त्याची चव कुठल्याही फळाशी जुळत नाही, पण त्याच्यावाचून हे ताट पुरे होत नाही. धनसाक, म्हणजे डाळी आणि मटण एकत्र शिजवलेला जड पारशी पदार्थ, मात्र या दिवशी वर्ज्य मानावा. पारशी घरांत तो रविवारी दुपारी करतात, कारण त्यानंतर झोपेखेरीज काही करायचे नसते, आणि आपल्याला तर अजून अकबर बादशहाला भेटायचे असते.

जेवणानंतर टॅक्सी करू नये. हॉर्निमन सर्कलच्या झाडांखालून काळा घोड्यापर्यंत रमतगमत चालत जावे. शतपावलीपेक्षा हे अंतर बरेच अधिक असले, तरी हेतू तोच. या चालण्यात एक गंमत आहे. बॅलार्ड इस्टेटची आखणी जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुविशारदाची, आपण ज्या वस्तुसंग्रहालयाकडे निघालो ते त्याचेच, त्याच्या समोरचे कावसजी जहांगीर सभागृह त्याचे, आणि थोडे पुढे समुद्रापाशी उभे असलेले गेटवे ऑफ इंडियाही त्याचे. १९०४ साली मुंबईत आलेला हा माणूस १९२६ साली इथेच वारला. जेवणापासून चित्रांपर्यंत आपण एका माणसाच्या कागदावरून चालत आलो, हे कळले की पायांना जरा हुरूप येतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पूर्ण पाहण्याचा प्रयत्न करू नये. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते पूर्ण दाखवावे लागते, कारण त्यांना तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले पाहिजेत. मुंबईकराने मात्र दोन-तीन वस्तू निवडाव्यात आणि बाकीच्यांना खुशाल पाठ दाखवावी. माझी निवड ठरलेली आहे. पहिला तो मीरपूरखासचा मातीचा उपासक. सिंधमधल्या बौद्ध स्तूपाच्या उत्खननात हेन्री कझिन्स यांना तो १९०९-१० च्या सुमारास सापडला, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे इथे आला. भाजलेल्या मातीचा हा तरुण हातात कमळ घेऊन उभा आहे. केसांच्या बटा कुरळ्या, चेहरा शांत, आणि उभे राहण्यात एक सैलपणा असा, की दीड हजार वर्षे उभ्याने काढूनही याचे पाय दुखलेले नाहीत, याचा थोडा हेवाच वाटतो. दुसरे ते अकबराचे पोलादी चिलखत. १५८१ हे साल आणि धर्मवचने त्याच्यावर कोरलेली आहेत. इतिहासाच्या पुस्तकातला अकबर हा मला नेहमी एक प्रकरण वाटत आला होता. त्याच्या छातीचे माप समोर आल्यावर तो एकदम माणूस होतो. घुमटाखालच्या दालनात वाड्याच्या लाकडी खांबांची आणि कमानींची जी रचना बसवली आहे, तिच्यापाशीही थोडे थांबावे. विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेला घुमट आणि त्याच्या पोटात मराठी वाड्याचे लाकूडकाम, हा मेळ कागदावर विचित्र वाटेल, डोळ्यांना वाटत नाही.

जाता जाता एवढे सांगायला हवे, की ही वास्तू १९१४ साली बांधून झाली आणि पहिल्या महायुद्धात तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून झाला; संग्रहालय म्हणून ती उघडली १९२२ साली. म्हणजे इथे आलेल्या पहिल्या मंडळींना आडवे होण्याची सोय होती. पुढच्यांनी बाके शोधावीत.

चित्रदालनांत मात्र वेगळा शिष्टाचार लागतो. कावसजी जहांगीर सभागृह १९११ सालचे; एके काळी तिथे मैफली, सभा आणि मुष्टियुद्धाचे सामनेही होत. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, आणि जुन्या भिंतींच्या आत अर्धवर्तुळाकार मजले चढत चढत आपण घुमटाखाली पोहोचतो. चढण्याची ही कसरत अर्धी उरकून खाली उतरले तरी कोणी विचारत नाही. मला अधिक ओढ असते ती १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाची, कारण तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि चित्रकार बहुधा स्वतः हजर असतो. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला तो मनुष्य, त्याच्यापुढची अभिप्रायाची वही, आणि वहीत आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेले ‘फार सुंदर’, ‘खूप छान’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. चित्र कळले नाही हे कबूल करण्याचे इतके सुसंस्कृत मार्ग मराठीखेरीज फारच थोड्या भाषांत असतील. याच इमारतीत १९६४ पासून सामोवार हे लांबट, चिंचोळे उपाहारगृह होते. चित्र विकले गेलेले आणि न गेलेले असे दोन्ही चित्रकार तिथे एकाच भावात चहा पीत. २०१५ साली ते बंद झाले, आणि चित्रे पाहून झाल्यावर त्याच छपराखाली बसून त्यांच्याविषयी वाद घालण्याची सोय गेली. दालनाने एक भिंत गमावली असती, तर इतके नुकसान झाले नसते.

आता राहिले पाय. स्पा ही कल्पना आपल्याकडे नवी वाटते, पण १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात तुर्की स्नानगृहे होती, आणि पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी तर त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडला चंपीचे वेड लावले होते. या गृहस्थांनी १८१० साली लंडनमध्ये हिंदी पद्धतीच्या जेवणाचे उपाहारगृह काढले. त्यात दोनच वर्षांत दिवाळे निघाले. मग ते ब्रायटनला गेले, बाष्पस्नान आणि मालिश सुरू केले, आणि चौथ्या जॉर्ज राजाच्या सेवेपर्यंत पोहोचले. जिभेने बुडवलेल्याला पाठीने तारल्याचे असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आजच्या स्पामध्ये शिरताच गवती चहाचा वास येतो, काकडीचे काप घातलेले पाणी मिळते, आणि मंद दिव्यांखाली कोणीतरी अदबीने विचारते, ‘दाब ठीक आहे ना?’ नरकचतुर्दशीला पहाटे तेल रगडताना आजीने हा प्रश्न कधी विचारल्याचे स्मरणात नाही. तिच्या लेखी दाब ठीक होता की नाही, हे आमच्या ओरडण्यावरून कळत असे. तरीही मी या मंडळींची थट्टा करणार नाही. पूर्ण अंगाच्या महागड्या उपचारांच्या वाटेला मात्र या दिवशी जाऊ नये. फक्त पायांची मालिश मागावी, टाचेच्या वर आणि पोटरीच्या खाली अंगठा फिरू लागला की डोळे मिटावेत, आणि दिवसभरात पाहिलेले त्या अंधारात पुन्हा पाहावे. मला मीरपूरखासचा उपासक इथे जितका स्पष्ट दिसतो, तितका काचेपलीकडून दिसलेला नसतो.

माझ्या एका मित्राचे म्हणणे असे, की मालिश सकाळीच उरकावी, म्हणजे ताज्या पायांनी संग्रहालय पाहता येते. त्याने हा प्रयोग केला, आणि आधुनिक कलेच्या दालनातल्या बाकावर तो इतका गाढ झोपला, की एका शाळेच्या सहलीने त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून बाईंना विचारले, याची माहिती कुठे लिहिली आहे.