मुदत संपली, तरी घर सुटेना

आईच्या नावावरची सदनिका आम्ही अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराने एका कुटुंबाला राहण्यासाठी दिली होती. शेवटच्या काही महिन्यांत भाडे थकले, अनामत रक्कम त्यातच वळती झाली आणि कराराची मुदत उलटल्यावरही ते गृहस्थ घर सोडेनात. आईचा घरखर्च याच भाड्यावर चालत असल्याने आमची फार ओढाताण झाली.

वीज तोडा, कुलूप बदला, असे सल्ले नातेवाइकांनी दिले. मात्र आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत त्यास ठाम नकार दिला, कारण कायदेशीर मार्ग सोडून हुसकावून लावलेल्या व्यक्तीला १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. म्हणजे ज्यांनी भाडे बुडवले तेच फिर्यादी झाले असते!

नोटीस पाठवूनही उत्तर न आल्याने आम्ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणे ऐकण्यासाठी याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला. हे कलम लायसन्सवर राहण्यासाठी दिलेल्या जागेचा ताबा मुदतीनंतर मिळवण्यासाठी आहे आणि लेखी करारातील मजकूर तेथे निर्णायक पुरावा मानला जातो. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी झालेली नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते. आमचा करार नोंदणीकृत होता, त्यामुळे मुदतीबद्दल वादाला जागाच उरली नाही.

खरा कस समन्स बजावण्यात लागला. दार बंद ठेवून ते समन्स टाळत राहिले. समन्स बजावल्यानंतर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन अर्जाला विरोध करण्याची परवानगी मागावी लागते, नाहीतर अर्जातील कथन मान्य आहे असे धरले जाते. म्हणून ते रीतसर बजावले जाण्यावरच सारे अवलंबून होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलेच नाही. ताबा देण्याचा आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या (म्हणजे करारात ठरलेल्या भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला.

आदेशानंतर, बळाचा वापर होण्यापूर्वीच, ते सामान घेऊन निघून गेले. आम्ही पंचनामा करून ताबा घेतला. भरपाईची वसुली मात्र अजून बाकी आहे आणि त्यासाठीचा पाठपुरावा आम्ही सोडलेला नाही.