गिटार लॅपटॉपला जोडताना

आज बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका विद्यार्थ्याकडे ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) लावून दिला. आवाज बोदा येतो म्हणून तो पिकअप (तारांचं कंपन टिपणारा गिटारवरचा भाग) बदलायला निघाला होता. कारण होतं इंटरफेसवरचं न दाबलेलं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण. पिकअपला साधारण १ मेगाओहम रोधाचं इनपुट लागतं, ते या बटणाने मिळतं. बटण न दाबता मिळणारं लाइन इनपुट बहुधा १० किलोओहमच्या आसपास असतं, त्यात वरचा चकाकता भाग मरतो. गिटार लावली की हे बटण आधी दाबा. ४८ व्होल्टचं बटण (काही मायक्रोफोनना लागणारी वीज) बंदच ठेवा.

गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते, ठरवताना सगळ्यात जोरात कॉर्ड वाजवा. मीटर -१२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. इनपुटलाच फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच आसिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. जाण्यायेण्याचा एकूण उशीर याहून जास्त असतो, पण बोटांना सहसा खटकत नाही. कडकड आली तर २५६ करा. अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर वापरताना डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपमध्ये न जाता इंटरफेसमधून थेट ऐकू येणारा आवाज) बंद करा, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो.

गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. तरीही राहिली आणि पिकअप सिंगल कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीचा) असेल, तर स्क्रीनपासून लांब, थोडं वळून बसा.