तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडावरच का, आणि कुणाचं बघून

प्रदर्शन कुठलंही असो, दोन प्रश्न ठरलेले. कॅनव्हास सोडून लाकडावर का रंगवता, आणि तुमच्यावर युरोपचा एवढा प्रभाव कसा. दुसरा विचारताना लोकांचा आवाज जरा खाली येतो, माझी चोरी पकडल्यासारखा. इतकी वर्षं मी 'यान व्हॅन आयक', म्हणजे पंधराव्या शतकातला युरोपातला चित्रकार, एवढंच सांगून सुटत आले. आता एकदा नीट सांगते.

व्हॅन आयक खोटं नाही. पहिल्या वर्षाला कॉलेजच्या लायब्ररीत अर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्राची छापील प्लेट बघितली, 1434 चं चित्र, ओकच्या फळीवर तेलरंग, उंची जेमतेम 82 सेंटीमीटर, आणि त्यात तो मागचा गोल आरसा, पायाशी कुत्र्याचा केसन् केस. मला वेड लागलं. खाली पांढरा घोटीव थर, वर पातळ पारदर्शक रंगाचे हात एकावर एक, म्हणजे उजेड रंगावर पडत नाही, रंगाच्या आतून परत येतो. तीन वर्षं मी तेवढंच केलं, वर्गातले बाकीचे अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंडेंच्या मागे होते तेव्हा मी कुत्र्याचे केस काढत होते. हो, ती नक्कलच होती, मग?

पण तेलरंग म्हणजे युरोप हे कुणी ठरवलं? अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या साधारण सातव्या शतकातल्या बौद्ध भित्तिचित्रांत तेलरंगात असतं तसं सुकणारं तेल सापडलंय, 2008 मध्ये ते जाहीर झालं, व्हॅन आयकच्या सातशे वर्षं आधीचं. आता खरं बोलायचं तर हे मी फक्त वाद जिंकायला वापरते. मी ब्रश हातात घेतला तेव्हा मला बामियान माहीत नव्हतं, त्यामुळे तो माझ्यावरचा प्रभाव म्हणणं लबाडीच.

माझ्यावरचं खरं ओझं जुन्या गोव्याचं आहे. आमचं गाव कुडाळजवळ, शाळेची सहल म्हणजे गोवाच. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हॉइसरॉयांची रांगेनं उभी चित्रं आहेत. जुआंव द काश्त्रू या पोर्तुगीज गव्हर्नरनं 1547 मध्ये ती काढवून घ्यायला सुरुवात केली, फळ्यांवर, आणि रंगवणारा इथलाच एक माणूस होता. त्याचं नाव लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. पुढं त्या चित्रांवर इतक्यांदा वरून रंग चढवलेत की त्याचा मूळ हात शोधावा लागतो. मी चौदा वर्षांची होते, बाकी मुली समोसे खायला पळाल्या आणि मी त्या काळ्या कपड्यांतल्या दाढीवाल्यांसमोर उभी, या दमट हवेत ही लाकडं टिकली कशी याचा विचार करत. आणि सावंतवाडीचे चितारी, गंजिफाच्या म्हणजे खेळायच्या गोल, हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या पानांवर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर देऊन दगडानं घोटतात ते. माझ्या थरात आज सरस आणि खडू असतो पण घोटायची सवय तिथली. हे मी कधी सांगितलं नाही कारण 'व्हॅन आयक' म्हटलं की माणसं जास्त मान द्यायची.

आता आजीचं चित्र. त्याशिवाय लाकडाबद्दल बोलता येत नाही मला.

घरामागचा फणस रस्तारुंदीत गेला. त्याची चौदा इंच रुंद एक अखंड फळी निघाली, हळदीसारखी पिवळी. गावचे सुतारकाका म्हणाले, "बाय, अजून एक पावसाळो जांवदे." मी थांबले नाही. फळीला बाक येऊ नये म्हणून मागून दोन आडव्या पट्ट्या ग्लू लावून वर स्क्रूनं आवळल्या. ते बघून म्हणाले, "पट्टी आवळू नको गो, फळी पावसात फुगतली, उन्हात आटतली, तिका जागा व्हयी." आपल्या घराच्या जुन्या दारांत फळ्या खोबणीत सैल बसवलेल्या असतात, त्या याचसाठी. मी रोज त्या दारातून ये-जा केलेली, आणि तरी म्हटलं काका, हे दार नाही, पेंटिंग आहे.

आजी आठ दिवस बसली. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, तो दोरासुद्धा काढला. डिसेंबरात मुंबईत ते चित्र विकलं गेलं, माझं पहिलं मोठं चित्र. जानेवारीत आजी गेली. फेब्रुवारीत घेणाऱ्यांचा फोन आला, मॅडम, चित्र फुटलंय. आणि मी काय केलं, तर त्यांच्या एसीला दोष देत भांडले, वीस मिनिटं. मग जाऊन बघितलं. कपाळापासून डाव्या भुवईतून गालावर, हनुवटीपर्यंत सरळ उभी फट, आणि कडेचे रंगाचे पापुद्रे खालच्या टेबलावर पडलेले, त्यांनी ते एका वाटीत गोळा करून ठेवले होते. त्या वाटीनं मला रडू आलं, फटीनं नाही. एसीनं हवा कोरडी केली हे खरं, पण लाकूड आटायला निघालं आणि माझ्या पट्ट्यांनी त्याला धरून ठेवलं, मग ते फाटणारच. शिवाय मागची बाजू मी कोरीच सोडली होती. पैसे तीन हप्त्यांत परत केले. काकांना मात्र वर्षभर तोंड दाखवलं नाही.

मग कॅनव्हासवर का नाही गेलीस, असं त्या वेळची मीच मला विचारते. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. कॅनव्हास ब्रशखाली दबतो, फळी दबत नाही, हाताला ते कळतं, एवढंच. कधी वाटतं हे प्रेम आहे, कधी वाटतं फणसाची भरपाई चाललीय. आता पट्ट्या सरकत्या ठेवते, मागूनही तेवढेच थर देते, तरी दर मे महिन्यात छातीत धडधडतं.

आजीचं चित्र घरी आहे. पट्ट्या काढल्या, फट बुजवली नाही. भरून घे म्हणणारे आहेत, भरू नको म्हणणारेही आहेत. ऑगस्टमध्ये तिच्यात नखसुद्धा शिरत नाही, जानेवारीत पोस्टकार्ड आरपार जातं. वाटी अजून तशीच ठेवलीय, पापुद्र्यांसकट.