चित्र विकत घेतलं, छापायचा हक्क नाही

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कलाकाराने आज काढलेलं चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेचं) चित्र वर्गात शिकवताना किंवा प्रश्नपत्रिकेत वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं. तेच स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घेतलं की परवानगी लागते, मूळ चित्र शाळेने विकत घेतलेलं असलं तरी. शाळा चुकतात त्या इथेच. कागद आपला होतो, छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. छापखान्याचं बिल वेळेवर भरायचं आणि चित्र मात्र फुकट मागायचं, हे बरं नव्हे.

परवानगी लेखी घ्या: कोणतं चित्र, किती प्रती, मोबदला, नाव कुठे येणार. मुदत लिहायची राहिली तर कायदा ५ वर्षं धरतो.

स्नेहसंमेलनातलं नाटक विद्यार्थी, पालक, शिक्षकांपुरतं असेल तर सूट आहे. गावाला तिकीट लावलंत, तर नाटककाराची परवानगी आधी.