शून्याचं तिकीट

पांढरकवड्याहून आदिलाबादला जाणाऱ्या एसटीत बाईमाणसाचं तिकीट दोन हिशेबांनी निघतं. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. पिंपळखुटीचा चेकपोस्ट मागे पडला, पैनगंगेचा पूल लागला, की आपण पुन्हा अख्खे माणूस होतो आणि अख्खे पैसे मोजतो. तिकडून येणाऱ्या तेलंगणाच्या एक्स्प्रेसमध्ये सगळं उलटं. नदीपर्यंत बाई फुकट, अलीकडे पूर्ण भाडं. अर्थात फुकट म्हणजे तिकडची बाई. मी तिकडच्या बसमध्ये बसले तरी माझं आधार कार्ड यवतमाळ जिल्ह्याचं.

माझी मावशी मात्र तिकडची. माहेर आमच्याच गावचं, लग्न होऊन आदिलाबादला गेली. तिथल्या बाजारात मराठीत भाव करता येतो, त्यामुळे तिची भाषा अजून इकडचीच राहिली आहे. ९ डिसेंबर २०२३ ला तेलंगणा सरकारची महालक्ष्मी योजना सुरू झाली आणि राज्यातल्या बायांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत झाला. तोवर मावशी हैदराबादला जायची ती ठरावीक कारणांनी: लेकीचं बाळंतपण, डोळ्याचं ऑपरेशन, कुणाची तेरवी. तिकिटाला पैसे लागतात म्हटलं की ते मागावे लागतात, आणि मागितले की घरातून विचारणा होते, काय काम काढलं? काम सांगता आलं नाही तर जाणं रद्द. आता पैसे मागायचेच नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणी आणि कशाला? मी एकदा तिला फोनवर सहज विचारलं, मावशी, हैदराबादला कशाला गेली होतीस? तर म्हणे, "कावून? काम असलं तरच जा लागते का मानसानं?"

तिची लेक हैदराबादच्या उप्पल भागात राहते. लेक-जावई कामावर गेले की मावशी दाराला कुलूप घालून बसस्टॉप गाठते. कुठे जायचं हे तिथे ठरतं, म्हणजे जी बस आधी येईल ती ठरवते. अट एकच, गाडी ऑर्डिनरी नाहीतर मेट्रो एक्स्प्रेस हवी. डिलक्सला ती हात दाखवत नाही, त्यात शून्याचं, म्हणजे फुकटचं, तिकीट चालत नाही. मेट्रो एक्स्प्रेस हे बसचंच नाव, पुलावरून धावणारी मेट्रो निराळी आणि तिथे बायांनाही पैसे पडतात. हा सगळा फरक तिने मला असा समजावला, जणू गाड्या सोडायचं काम तिच्याचकडे आहे.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्यासोबत हिंडले. उप्पलहून कोठीला गेलो आणि तिथून १२७ के नंबरच्या बसमध्ये चढलो. ही बस कोठीहून कोंडापूरला जाते. पुढच्या भागात बायांच्या सीट. मावशीने कमरेची पिशवी काढली, त्यातून प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून आधार कार्ड. लॅमिनेशन एका कोपऱ्यात सुटलेलं आणि फोटोवर हळदीचं बोट उमटलेलं. कंडक्टर बाई होती. तिने कार्डावरचा पत्ता पाहिला, मशीनचं बटण दाबलं आणि कागदाची चिठ्ठी फाडून दिली. तिकीट अगदी बाकीच्यांसारखं, फक्त रकमेच्या जागी शून्य. मावशीने ते चार घड्या घालून पुन्हा त्याच पिशवीत ठेवलं. शून्याचं असलं तरी हरवून चालत नाही, तपासनीस चढला तर दाखवावं लागतं. आणि दर फेरीला ते फाडावंच लागतं, कारण बायांच्या प्रवासाचे पैसे सरकार महामंडळाला देतं ते याच तिकिटांच्या हिशेबाने. म्हणजे मावशी फुकट बसली तरी वहीत ती पैसे देणारीच गिऱ्हाईक.

मग बाईने माझं कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं, "महाराष्ट्रा?" म्हणाली आणि पैशांसाठी हात पुढे केला. एकाच सीटवर दोघी, एकाच गावात जन्मलेल्या, एकीचं तिकीट शून्याचं आणि दुसरीचं पूर्ण. मावशीला या गोष्टीचा फार आनंद झाला. माझ्या लहानपणापासून ती आमच्याकडे आली की आईच तिला परतीच्या भाड्याचे पैसे द्यायची, तो हिशेब कुठेतरी फिटला असावा.

नामपल्ली, लकडी का पूल मागे पडलं. जुनी दुकानं, दवाखान्यांच्या पाट्या, मग बंजारा हिल्सचा चढ. जुबिली हिल्सकडे बाया दोन-दोन, तीन-तीन करत उतरू लागल्या. हातात डब्याची पिशवी, पायात घासलेली चप्पल. बंगल्यांमध्ये धुण्याभांड्याला जाणाऱ्या. माझ्यासारख्या हिंडणारीला तिकिटाचे पैसे किरकोळ, पण रोज दोन बसा बदलणाऱ्या बाईचे महिन्याचे मोजले तर तिच्या पगारातला चांगला लचका निघतो. पुढे माधापूरच्या काचेच्या इमारती सुरू झाल्या तेव्हा मावशी बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, "याह्यच्या खिडक्या उघडतच नसतीन का वं?" कोंडापूरला उतरून आम्ही चहा घेतला आणि त्याच नंबरच्या बसने परत आलो. एवढंच काम.

परतीला एक म्हातारबुवा दांडीला लटकून उभे होते, आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम लोगां के वास्ते फ्री, हमकू पूरा पैसा भी, खडे भी." त्यांचंही काही चूक नव्हतं. गर्दी वाढली आहे, गाड्या त्या मानाने वाढलेल्या दिसत नाहीत. योजना सुरू झाल्यावर तेलंगणातले ऑटोवाले रस्त्यावर उतरले होते, धंदा बसला म्हणून, आणि ते रडगाणं नव्हतं. पण "बाया उगाच फिरतात" हा सूर मला पटत नाही. बाप्ये चौकात उगाच बसतात, फटफटीवर उगाच चक्कर मारतात, त्याचं पेट्रोल कुणी मोजलं?

पत्ता बघून फुकट नेणं ही काही आपल्याकडचीच रीत नाही. एस्टोनिया देशातल्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये बस-ट्राम मोफत केल्या, त्या शहराच्या नोंदीत नाव असलेल्यांना. पाहुण्याने तिकीट काढावं. लक्झेंबर्गने २०२० मध्ये ही भानगडच मिटवली. बस, ट्राम, रेल्वे, सगळं सगळ्यांना मोफत, तू कुठला म्हणून कुणी विचारत नाही. पैसे फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला. अर्थात तो अख्खा देश आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान, आणि श्रीमंत. दिल्लीने २०१९ मध्ये बायांना गुलाबी तिकीट दिलं, कर्नाटकाने २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना आणली. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात काही गावं अशी आहेत की महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात आणि लोकांनी दोन्हीकडे मतदान केलेलं आहे. तिथल्या बायांचा मला पुलावर दरवेळी हेवा वाटतो.

आमच्या घरात फुकटचा मान सासऱ्यांचा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटी मोफत आहे, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. मामंजी पांढरकवड्याहून नागपूर, दीडशेएक किलोमीटर, एक रुपया न देता जातात. गणेशपेठच्या स्टँडवर उतरले की मात्र सवलत संपते. ही योजना शहरातल्या बसला लागू नाही. मेडिकलला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जायचं तर तिथून तीनेक किलोमीटर, आणि ऑटोवाला म्हातारा माणूस, हातात एक्स-रेची पिशवी बघून भाव सांगतो. मामंजी म्हणतात, "सरकार नागपूरवरी खांद्यावर नेते अन् गणेशपेठले आपटून देते." सिताबर्डीला मेट्रोच्या दोन लाइनी एकावर एक कशा जातात ते त्यांना बघायचं आहे, पण त्याचं तिकीट काढावं लागतं म्हणून अजून खालूनच पाहिली.

खरी गोची गावातच आहे. आमच्या फाट्यावर गाडी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पावसाळ्यात ड्रायव्हरच्या मर्जीवर. गाडी आलीच नाही तर पांढरकवड्यापर्यंत काळीपिवळीत पैसे मोजूनच जावं लागतं, पंचाहत्तरीचे असा नाहीतर बाई असा. काळीपिवळीत सवलत एकच, चिपकून बसले तर अजून दोघं मावतात.

परवा मावशीचा फोन आला. म्हणे, "तुया आधारवर माया घरचा पत्ता टाकून घे, मंग दोघी मिळून वरंगलले जाऊ, तिथलं भद्रकालीचं देऊळ पाहू." मी म्हटलं, असं नसतं करता येत. मामंजी शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, तिकडे म्हाताऱ्या बाप्यांना काय आहे? बाप्यांना महालक्ष्मीत काही नाही, असं सांगितल्यावर "मंग काय उपेगाचं" म्हणून उठले आणि उद्याची नागपूरची गाडी किती वाजता आहे ते विचारायला फाट्यावर निघाले. काम काय आहे, हे मी विचारलं नाही.