चार्ज नाही तरी चुंबक! न्यूट्रॉनचा घोळ

न्यूट्रॉनवर चार्ज शून्य, तरी तो चुंबकासारखा वागतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा विचित्रच वाटतं. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या हिशोबाने प्रोटॉनचा मॅग्नेटिक मोमेंट (म्हणजे तो किती जोरदार चुंबक आहे त्याचं माप) 1 न्यूक्लियर मॅग्नेटॉन (हे मोजायचं एकक) यायला हवा आणि न्यूट्रॉनचा सरळ 0. पण 1933 मध्ये हॅम्बुर्गला ऑटो स्टर्न आणि त्याच्या साथीदारांनी प्रोटॉनचा मोजला तर तो निघाला 2 ते 3 च्या मध्ये कुठेतरी (थिअरीवाल्यांच्या मते तर मोजायची गरजच नव्हती, बरं झालं त्याने ऐकलं नाही), आणि त्याच वर्षी नाझींमुळे बिचाऱ्याला जर्मनी सोडावी लागली. न्यूट्रॉनचा 1940 ला अल्वारेझ आणि ब्लॉखने नीट मोजला. आजचे आकडे 2.793 आणि -1.913. मायनस म्हणजे स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) एकीकडे, मोमेंट बरोबर उलटा.

याचा उलगडा व्हायला 1964 उजाडलं, गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले बारीक कण) आणले तेव्हा. प्रोटॉनमध्ये दोन अप एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये दोन डाऊन एक अप. अपचा चार्ज +2/3, डाऊनचा -1/3, म्हणजे बेरीज शून्य झाली तरी आत चार्ज आहेच की! आता गंमत बघा, सारखे दोन क्वार्क आपले स्पिन एकाच बाजूला जुळवतात आणि तिसरा बहुतेक वेळा उलटा असतो, त्यामुळे जोडीतल्या क्वार्कचा मोमेंट चारपट धरायचा, त्यातून तिसऱ्याचा वजा करायचा आणि 3 ने भागायचं. चार्जच्या प्रमाणात अपला 2 धरा, डाऊनला -1. प्रोटॉन आला 3, न्यूट्रॉन -2. गुणोत्तर -1.5, आणि प्रत्यक्षात मोजलेलं -1.46! दोन ओळींच्या गणिताला अजून काय पाहिजे?

पण मला हे यश थोडं संशयास्पदच वाटतं. आकडे जुळायला प्रत्येक क्वार्कचं वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण एक तृतीयांश, 336 एमईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास धरावं लागतं, आणि खरे अप-डाऊन क्वार्क जेमतेम 2 ते 5 एमईव्हीचे, बाकी सगळी क्वार्कांना चिकटवून ठेवणाऱ्या ग्लुऑनची आणि आतल्या धावपळीची एनर्जी. त्यात 1988 ला सर्न या युरोपातल्या कण-प्रयोगशाळेच्या ईएमसी नावाच्या प्रयोगाने अजून बॉम्ब टाकला, प्रोटॉनच्या स्पिनमध्ये क्वार्कांच्या स्पिनचा वाटा फारच कमी निघाला, नंतरच्या मोजमापांत तो साधारण 30 टक्क्यांवर आला. आपण मात्र वरच्या गणितात सगळा स्पिन क्वार्कांच्याच नावावर टाकून मोकळे झालो होतो, आणि तरी उत्तर जवळपास बरोबर!